सुटलेला हात

(दृश्य : ठाणे स्टेशन, सकाळी साडेआठ. पुलावरून सरकणारी गर्दी. कॅमेरा चेहऱ्यांवर नको, हातांवर राहू दे.)

या पुलावर लहान मुलाचा हात कसा धरायचा, हे ठाण्यातल्या आईबापांना कुणी शिकवावं लागत नाही. बोटं धरायची नाहीत, ती निसटतात. मनगट धरायचं. माझे बाबा असं घट्ट धरायचे की पूल उतरून गोखले रोडला लागलो तरी मनगटावरचा लाल वळ गेलेला नसायचा.

सुपरहिरोंच्या सिनेमांतले सगळ्यात दुःखाचे क्षण निवडायला मी बसलो, तेव्हा हा पूल डोक्यात नव्हता. यादी केली, सिनेमे पुन्हा पाहिले, एकेक प्रसंग थांबवून पाहिला, आणि दर वेळी नजर हातांवरच जाऊन थांबली. सुटलेला हात, न पोचलेला हात, उगाच धरून ठेवलेला हात. म्हणून इथून सुरुवात.

(दृश्य : स्टेशनबाहेर पदपथावर मांडलेली जुनी पुस्तकं. विक्रेत्याचा हात धूळ झटकतोय.)

बाबा भायखळ्याच्या एका छापखान्यात होते. रोज ठाणे ते भायखळा, आणि परत. त्यांच्या लहानपणीचा हिरो म्हणजे वेताळ. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं, मराठीतही येऊ लागलं, आणि त्या पिढीतल्या कितीतरी मुलांना ली फॉकचा हा जंगलातला मुखवटेवाला आपलाच वाटला. बाबा म्हणायचे, ‘लोकांना वाटतं वेताळ अमर आहे. खरं म्हणजे प्रत्येक वेताळ मरतो. बाप मरतो आणि मुलगा त्याचे कपडे घालतो.’ गोष्टीतला वेताळ एकविसावा. म्हणजे त्याच्या आधी वीस बाप गेले. तेव्हा मला यात काही दुःखाचं वाटलं नव्हतं, उलट भारी वाटलं होतं.

एकदा याच पदपथावरून मी स्पायडरमॅनच्या एका जुन्या अंकाचं पुनर्मुद्रण घेऊन आलो. अंक १२१. मूळ अंकावर महिना आहे जून १९७३. लेखन जेरी कॉनवे, चित्रं गिल केन. खलनायक ग्रीन गॉब्लिन पीटरच्या, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनच्या, प्रेयसीला, ग्वेनला, पुलावरून खाली फेकतो. पीटर जाळं सोडतो. जाळं तिच्यापर्यंत पोचतं, तिचा पाय पकडतं. तो आनंदाने तिला वर ओढून घेतो, स्वतःचं कौतुक करत बोलतही असतो. आणि ती गेलेली असते.

बाबांनी तो अंक हातात घेतला तो छपाई बघायला. खिशातलं भिंग काढलं, पानाला डोळा लावला. लालचं रजिस्ट्रेशन, म्हणजे रंग बसायची जागा, जरा हललंय म्हणाले. मग भिंग एका चौकटीवर थांबलं. जाळं पायाला चिकटतं तिथे ‘स्विक’ असा आवाज लिहिलाय. आणि ग्वेनच्या मानेजवळ एक बारीक शब्द, ‘स्नॅप’.

‘हा एवढा बारीक का छापलाय?’ त्यांनी विचारलं. ‘बाकी मारामारीचे आवाज तर अर्धं पान खातात.’

उत्तर त्यांना त्यांचंच मिळालं असणार, कारण त्यांनी भिंग मिटलं आणि अंक उलटा करून टेबलावर ठेवला.

तो बारीक शब्द ज्यांनी पाहिला, त्यांना पुढचा प्रश्न टाळता आला नाही. ती पडून मेली, की त्याच्या जाळ्याचा झटका बसून? वाचकांनी पत्रं लिहिली, आणि पुढे कॉमिकच्या पत्रांच्या पानावर झटक्याचंच कारण देण्यात आलं. म्हणजे त्याने हात पुढे केला, वेळेत केला, आणि त्याच हाताने ती गेली. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त पुस्तकात १९७३ साली कुणीतरी हे लिहून ठेवलं. मला त्या लेखकाच्या धाडसाबद्दल आजही आदर आहे.

(दृश्य : मनोऱ्यावरचं घड्याळ. काटे थांबलेले.)

हा प्रसंग पडद्यावर यायला २०१४ साल उजाडलं. मार्क वेबचा ‘द अमेझिंग स्पायडरमॅन २’. अँड्र्यू गारफिल्डचा पीटर, एमा स्टोनची ग्वेन. पुलाऐवजी घड्याळाचा मनोरा. काटे थांबतात ते एक वाजून एकवीस मिनिटांवर, त्या १२१ व्या अंकाची आठवण म्हणून. सिनेमा एकूण फार जमलेला नाही, दोन सिनेमांचा ऐवज एकात कोंबलाय. पण ती वीसेक सेकंदं कुणाला चुकीची म्हणता येणार नाहीत. खाली जाणाऱ्या जाळ्याचं टोक उलगडतं, आणि त्याला बोटं फुटल्यासारखी दिसतात. पंजा उघडतो. तो पंजा तिच्यापर्यंत पोचतोही, पण जमीन अगदी जवळ आलेली असते.

सात वर्षांनी, २०२१ च्या ‘नो वे होम’मध्ये, हाच गारफिल्ड परत येतो. या वेळी पडतेय दुसऱ्याच विश्वातल्या पीटरची प्रेयसी, एमजे. तो पीटर तिच्यामागे झेपावतो, पण गॉब्लिन त्याला मध्येच उडवून लावतो. मग गारफिल्ड उडी घेतो. तिला पकडतो, अलगद खाली आणतो, ठीक आहेस ना म्हणून विचारतो. तिला वाचवलंय, तरी चेहरा वाचवणाऱ्याचा कोसळतो. ती त्यालाच विचारते, तू ठीक आहेस ना? त्याला बोलता येत नाही, नुसती मान हलते. आनंदाच्या प्रसंगात रडवणारा यापेक्षा मोठा क्षण या सिनेमांत मला सापडला नाही.

(दृश्य : ठाण्याहून सुटणारी लोकल. दारातले हात, वरच्या कड्या.)

आता थोडं मागे, २००४. सॅम रायमीचा ‘स्पायडरमॅन २’. हा मी बाबांबरोबर पाहिला. ब्रेक गेलेली गाडी, पुढे रूळ संपतात. टोबी मॅग्वायरचा पीटर डब्याच्या पुढच्या टोकाला उभा राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी चिकटवतो आणि अंगाच्या जोरावर गाडी थांबवतो. थांबते, आणि तो बेशुद्ध होऊन पुढे कोसळणार, तोच मागून, डब्यातून, हात येतात. छातीवर, खांद्यावर. त्याला आत घेतात. तोंडावर मुखवटा नाही. माणसं त्याला डोक्यांवरून, हातोहात, मागे नेतात आणि हळूच खाली ठेवतात. कुणीतरी म्हणतं, हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलाएवढा.

बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘आमच्या डब्यात असंच नेतात.’ मग सांगितलं, एकदा ऐन गर्दीत एकाला चक्कर आली, तर त्याला बसायला नेणं शक्य नव्हतं, म्हणून उचलूनच दिला एकमेकांकडे. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून जिथे आली, त्या ठाण्यातल्या माणसाला गाडीतल्या या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

(दृश्य : शेत, लाकडी कुंपण. संगीत नको.)

बापाच्या मरणाबद्दल सुपरमॅनइतकं कुणी स्पष्ट बोललेलं नाही. १९७८ चा रिचर्ड डॉनरचा सिनेमा. पृथ्वीवरचा त्याचा बाप, जोनाथन केंट, घरच्या आवारात हृदयविकाराने कोसळतो. ना खलनायक, ना स्फोट. नंतर दफनभूमीत तो पोरगा आईला सांगतो की माझ्यात एवढी शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही.

२०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये तोच बाप वादळात जातो. मुलगा वाचवायला पाऊल उचलणार, तेवढ्यात बाप झालेला केविन कॉस्टनर लांबून हात वर करतो, थांब म्हणून. मुलाचं रहस्य उघड होऊ नये म्हणून बाप मरण पत्करतो. अनेकांना हा प्रसंग पटत नाही. मलाही त्यातलं गणित पटत नाही. पण तो वर केलेला हात विसरता येत नाही. बाबाही फलाटावरून असाच हात करायचे, तू चढू नकोस, पुढची घे.

२०१६ च्या पावसाळ्यात एका रात्री हॉस्पिटलमधून फोन आला. मी घोडबंदर रोडवर राहायला गेलो होतो. घरातून निघालो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता आणि रस्ताभर ट्रक उभे होते. वीस मिनिटं. तेवढाच उशीर झाला. हात हातात घेतला तर अजून कोमट होता. मी मनगट धरलं, बोटं नाही.

(दृश्य : काही क्षण नुसता पाऊस. मग सिनेमागृहाची रिकामी रांग.)

एप्रिल २०१८. ठाण्यातलं एक मल्टिप्लेक्स, ‘इन्फिनिटी वॉर’, रात्रीचा शो. पहिले दोन तास शिट्ट्या, टाळ्या. शेवटी खलनायकाने चुटकी वाजवली आणि माणसं धूळ होऊन जायला लागली तशी शांतता पसरली. पीटरला ते जरा आधी जाणवतं. तो टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्नमॅनला, मिठी मारतो, मला जायचं नाही म्हणतो, आणि मिठीतून नाहीसा होतो. माझ्या मागच्या रांगेत एका मुलाने विचारलं, ‘पप्पा, स्पायडरमॅन कुठे गेला?’ पप्पांनी उत्तर दिलं नाही. खुर्चीचा आवाज आला, त्याने पोराला मांडीवर घेतलं असावं.

वर्षभराने ‘एंडगेम’. टोनीचं जाणं सगळ्यांना पाठ आहे, त्यावर मी वेगळं काय सांगणार. मला जास्त लागला तो वॉर्मिर नावाच्या ग्रहावरचा कडा. नताशा आणि क्लिंट हे दोघे साथीदार, आणि दोघांपैकी एकाने जीव द्यायलाच हवा. नताशा लोंबकळतेय, क्लिंटने तिचं मनगट धरलंय. बरोब्बर धरलंय, जसं धरायला हवं तसं. तरी ती पायाने कड्याला रेटा देते आणि सुटते. सोडणाऱ्याने ठरवलं की धरणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या तिसऱ्या भागातले पिंजऱ्यातले प्राणी मी इथे दाखवणार नाही. ते ज्याने त्याने आपापलं पाहावं, आणि शक्यतो एकट्याने.

एका प्रसंगाला मात्र सिनेमा म्हणवत नाही. ब्लॅक पँथरचं, वाकांडाच्या राजाचं, काम करणारा चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० ला कर्करोगाने गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. २०२२ च्या ‘वाकांडा फॉरएव्हर’च्या सुरुवातीला त्या राजाची बहीण प्रयोगशाळेत धडपडतेय, भावासाठी औषध बनवतेय, आणि आई येऊन सांगते की तो गेला. पुढे मार्व्हलचं बोधचिन्ह येतं, एरवीच्या वाजंत्रीशिवाय, बोसमनच्याच चित्रांनी भरलेलं. अंत्ययात्रेत सगळे पांढऱ्या कपड्यांत. आपल्याकडे पांढऱ्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. सिनेमागृहात माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोक्यावर घेतला, आपसूक.

(दृश्य : मासुंदा तलाव, संध्याकाळ. पाण्यात दिव्यांचे लांब पट्टे.)

आणि ‘लोगन’. जेम्स मॅनगोल्ड, २०१७. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. २००० सालापासून ह्यू जॅकमन ज्या वुल्व्हरीनचं काम करत आला, तो इथे म्हातारा झालाय, लंगडतोय, एरवी क्षणात भरणाऱ्या जखमा आता भरत नाहीत. शेवटी तो जातो तेव्हा त्याच्याच रक्ताच्या छोट्या लॉराने त्याचा हात धरलेला असतो, ती त्याला बाबा म्हणते, आणि त्याच्या थडग्यावरचा क्रूस आडवा करून त्याचा एक्स करते, एक्स-मेनचा एक्स. त्यावर लोक रडतात, रडावंच.

मी मात्र त्याच्या कितीतरी आधी रडलो. पॅट्रिक स्ट्यूअर्टचा चार्ल्स, एक्स-मेनचा प्रमुख, एके काळी जगातलं सगळ्यात बलाढ्य मन, आता आजारी मेंदूचा थकलेला म्हातारा. लोगन त्याला गोळ्या देतो, त्याच्यावर चिडतो, त्याला दोन्ही हातांत उचलून जिना चढतो आणि अंथरुणावर ठेवतो. बाबांना शेवटच्या महिन्यांत मी तसाच उचलायचो. माणूस किती हलका होतो, ते उचलल्याशिवाय कळत नाही. चिडायचोही.

मग चार्ल्स जातो. लोगन त्याला पाण्याच्या काठाशी पुरतो, फावडं धरून उभा राहतो, दोन शब्द बोलायचे म्हणून तोंड उघडतो. आणि एवढंच म्हणतो की इथे पाणी आहे. पुन्हा तेच, इथे पाणी आहे. त्या दोघांना बोट घ्यायची होती, समुद्रावर राहायचं होतं. पुढचं त्याला बोलता येत नाही. तो ट्रकवर फावडं आपटत सुटतो.

खाडीच्या काठावर बाबांच्या अस्थी सोडताना गुरुजी म्हणाले होते, मनात काही असेल तर बोला. मला काही सुचलं नव्हतं. भरती होती. मी म्हणालो, ‘पाणी बरंच आहे आज.’ मावशीने माझ्याकडे बघितलं होतं.

बाबांना पाण्याची भीती होती. या तलावपाळीवरच्या होडीत ते आयुष्यात एकदा बसले, मी हट्ट धरला म्हणून. अर्धा तास. मी वल्ह्याला हात लावू बघत होतो, वाकून पाण्यात बोटं बुडवत होतो, आणि ते एक शब्दही न बोलता माझी मागची कॉलर धरून बसले होते. होडी काठाला लागली, मी उडी मारली, तरी सोडली नव्हती.

(दृश्य : होडी काठाला लागते. दोर बांधला जातो. पाण्याचा आवाज चालू राहू दे.)