पाळण्याचे माप

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या मुलीचे डोहाळजेवण वैशाखात झाले आणि पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे ती आमच्याकडे कोकणात राहायला आली. डॉक्टरांनी दिलेली तारीख श्रावणातली होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ३१ वर्षे सुतारकाम शिकवून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती त्यामुळे जवळजवळ तीन महिने होते, पडवीत वाळलेले लाकूड होते, आणि नातवंडासाठी पाळणा करायला कोणाची परवानगी लागेल असे माझ्या मनातही आले नव्हते. मी पहिल्या फळीवर रेघ मारली आणि आतून माझ्या आईचा आवाज आला, की बाळ हाती येईपर्यंत या घरात पाळणा उभा राहणार नाही.

तिचे वय ८६ आहे. रिकामा पाळणा हलवू नये, बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी वस्तू जमवू नयेत, हे तिने लहानपणापासून पाळलेले आहे. ज्या काळात घरोघरी एखादे मूल जन्मताच जात असे, त्या काळात रिकामा पाळणा रोज डोळ्यांसमोर दिसणे काय असेल, याचा विचार केला तर या समजुतीला हसावेसे मला वाटत नाही. अखेर तोड तिनेच सुचवली. ती म्हणाली, "तू लाकडं तासतोस याला माझी ना नाही. पाळणा मात्र उभा करायचा नाही." मग मी तीन महिने लाकडे तासली. प्रत्येक भाग सुटा, प्रत्येक सांधा खाचेचा आणि पाचरीचा, एकही खिळा नाही आणि कुठेही गोंद नाही, असा पाळणा मी योजला. पुढे तो मुलीबरोबर तिच्या सासरी पुण्याला पाठवायचा होता, त्यामुळे ही अट माझ्याही सोयीची ठरली.

नवा पाळणा हवाच कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. आमच्या माळ्यावर घरचा जुना पाळणा होता. माझे वडील, मी आणि माझी मुलगी असे तिघेही त्यात झोपलेलो. सावंतवाडीच्या बाजूला करतात तसे लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांचे कातीव गज त्याला आहेत आणि तो दिसायला आजही देखणा आहे. पण मी त्याच्या गजांमधली फट मोजली तेव्हा ती १० सेंटिमीटर भरली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. सुतार या नात्याने मला त्या म्हणीची काळजी वाटते, कारण अशा रुंद फटीतून आधी पाय बाहेर येतात, मग कंबर सरकते, मग छाती निसटते आणि डोके मात्र अडकते. तान्ह्या मुलाचे डोके धडाच्या मानाने मोठे असते आणि त्याला स्वतःला वर ओढून घेता येत नाही. अमेरिकेत १९७३ साली याविषयी नियम झाला आणि दोन गजांमधली फट २ पूर्णांक ३ अष्टमांश इंचांहून, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटरहून, अधिक असू नये असे ठरले. युरोपातील मानक खालची मर्यादाही सांगते: फट साडेचार सेंटिमीटरहून कमी नसावी, कारण फार अरुंद फटीत हातपाय अडकतात.

जुन्या पाळण्याच्या रंगाविषयीही मला शंका होती. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे किती आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही आणि दात येऊ लागलेले मूल हाताला लागेल ती कड चावते. असा जुना रंग कोरडाच घासून काढण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, कारण घासताना उडणारी धूळ रंगापेक्षाही घातक असते. आमचा जुना पाळणा मी गावच्या राममंदिराला दिला. रामनवमीला दुपारी बारा वाजता तो हलतो, सुंठवडा वाटला जातो, आणि त्यातल्या बाळाचे पाय फटीतून बाहेर येण्याची भीती नाही.

लाकडाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण इथे लोक केवळ प्रतिष्ठेपायी पैसे घालवतात. सागाची थोरवी मला मान्य आहे आणि पाळणा जिला टांगतात त्या, भार पेलणाऱ्या घोडीसाठी मी सागच घेतला. मात्र पाळण्याचा मूळ पेटारा मी शिवणीचा केला. शिवण वजनाला हलकी असते, रंध्याखाली लोण्यासारखी निघते, तिच्या कुसळ्या निघत नाहीत, आणि मुख्य म्हणजे हवेतील ओलाव्याने ती फारशी फुगत किंवा वाकत नाही. कोकणात आषाढात दरवाजे चौकटीत अडकू लागतात तेव्हा या गुणाची किंमत कळते. शिवणीचे मूळ दशमुळांपैकी एक आहे, म्हणजे ज्या झाडाचे मूळ बाळंतिणीच्या काढ्यात जाते त्याच झाडाच्या खोडाचा पाळणा, ही जोडी माझ्या आईला फार आवडली आणि तिचा विरोध त्या दिवसापासून बराच मवाळ झाला. लाकूड कोणतेही घ्या, पण ते वाळलेले घ्या. एक इंच जाडीला सावलीत एक वर्ष, हा सुतारांचा जुना हिशेब आहे. ओल्या लाकडाच्या खाचेत ठोकलेले कुसू, म्हणजे खाचेत बसणारे लाकडाचे तासलेले टोक, वाळल्यावर सैल होते आणि सैल झालेल्या पाळण्याचा आवाज आधी कानाला कळतो, मग डोळ्याला.

आता माझी चूक सांगतो. पेटाऱ्याची आतली लांबी मी ९० सेंटिमीटर आणि रुंदी ४५ सेंटिमीटर धरली. लांबीच्या बाजूला अडीच सेंटिमीटर रुंदीच्या अकरा पट्ट्या बसवल्या, की बारा फटी उरतात आणि प्रत्येक फट ५.२ सेंटिमीटरची येते. हा हिशेब बरोबर होता. पण बाजूंची उंची मी तळाच्या फळीपासून ३० सेंटिमीटर मोजली आणि खाचा पाडून मोकळा झालो. गादी घालून पाहिली तेव्हा ध्यानात आले, की १० सेंटिमीटर गादीनेच खाल्ले आहेत आणि उरलेल्या २० सेंटिमीटरवरून हातपाय मारणारे मूल सहज बाहेर लोटले जाईल. तीन दशके मुलांना 'दोनदा मोजा, एकदा कापा' असे बजावणाऱ्या माणसाने दोनदा मोजले होते. फक्त दोन्ही वेळा चुकीच्या जागेपासून मोजले होते. बावीस पट्ट्या नव्याने काढाव्या लागल्या. या खेपेस बाजू ४५ सेंटिमीटर उंच केल्या आणि गादी ५ सेंटिमीटरची, कापूस घट्ट भरलेली करून घेतली. सावरीच्या कापसाची मऊ गादी आमच्या पिढीला सुखाची वाटते, पण तिच्यात तोंड रुतले तर तान्ह्या मुलाला मान वळवता येत नाही. गादी आणि कठडा यांच्यामध्ये माझी दोन बोटे जातील एवढीही जागा ठेवायची नाही, हे मी तिथेच ठरवले.

फट तपासण्यासाठी मी शिवणीचाच, बरोबर ६ सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा केला. तो चोवीसही फटींवर टेकवून पाहायचा आणि कुठेही आत गेला नाही, की बाजू मंजूर. मोजपट्टी वाचताना डोळा चुकतो. ठोकळा चुकत नाही.

पाळणा हलतो कसा, हा विषय सुतारांच्या बोलण्यात फारसा येत नाही, पण बाळाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. पाळणा म्हणजे एक लंबक आहे. तो एक झोका पुरा करून परत यायला किती वेळ घेतो हे मुख्यतः टांगण्याच्या जागेपासून बाळापर्यंतच्या अंतरावर ठरते; बाळ जड आहे की हलके याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. आपल्या जुन्या घरांत पाळणा तुळईच्या कडीला टांगत. तिथे हे अंतर दोन मीटर धरले तर एक पुरा झोका सुमारे २.८ सेकंदांचा होतो, संथ आणि लांब. बाजारात मिळणाऱ्या बुटक्या घोडीवरच्या पाळण्यात हे अंतर जेमतेम ३० सेंटिमीटर असते आणि झोका १.१ सेकंदात संपतो, म्हणून तो पाळणा झुलण्याऐवजी हिसके देतो. आजीच्या वेळच्या पाळण्यात मूल लवकर झोपे, असे जे म्हटले जाते त्यात आठवणींचा गोडवा किती आणि दोरीची लांबी किती, हे मला सांगता येणार नाही, पण दोरीचा वाटा नक्की आहे. जावयांच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये छताला कडी नाही. तेव्हा मी घोडीच उंच केली आणि टांगण्याची जागा गादीच्या ६० सेंटिमीटर वर नेली. त्यामुळे झोका दीड सेकंदाच्या आसपास आला. घोडी उंच केली, की तिचे पाय रुंद करावे लागतात, नाहीतर जोराच्या झोक्याबरोबर सगळेच कलंडेल. म्हणून पायांची पसर ७० सेंटिमीटर ठेवली. बाळाला ठेवताना आणि उचलताना पाळणा हलू नये म्हणून एक लाकडी खुंटीही दिली. ज्यांच्या घरी अजून तुळई आहे त्यांनी एवढे पाहावे, की चारही कोपऱ्यांच्या साखळ्या वर एकाच कडीत अडकवलेल्या नाहीत. तशा अडकवल्या तर बाळ पायथ्याकडे सरकताच पाळणा त्या बाजूला कलतो. उशाशी एक आणि पायथ्याशी एक अशा दोन कड्यांवर तो सपाट राहतो.

उलटेसुलटे मत पडते ते पॉलिशवर. मी लाखेचे पॉलिश केले. लाख हा किड्यांनी पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर तयार केलेला राळेसारखा पदार्थ आहे; ती स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लावतात, स्पिरिट उडून जाते आणि मागे पातळ चकचकीत थर राहतो. औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठाईवरही तिचा लेप देतात, तेव्हा चावणाऱ्या बाळाची चिंता नाही. तिचा दोष असा, की ओलावा साचून राहिला तर तिच्यावर पांढरे डाग पडतात, आणि तान्ह्या मुलाच्या पाळण्यात ओलावा कुठून येतो हे सांगायला नको. म्हणून तळाला मी पॉलिश केलेच नाही. तिथे अंतरा-अंतराने पट्ट्या ठेवल्या, म्हणजे हवा खेळते आणि गादी खालून वाळते. जवसाचे तेल लावणाऱ्यांना एक इशारा देतो. तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते आणि बोळ्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. आमच्या कार्यशाळेत एका सकाळी अशा ढिगातून धूर येताना मी स्वतः पाहिला आहे. बोळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

मोहरीच्या उशीवरून घरात दोन दिवस चर्चा झाली. डोक्याला गोल आकार येण्यासाठी ती हवीच, हे आईचे म्हणणे. पाळण्यात उशी नको, जाड दुपटी नकोत, बाळाला पाठीवर झोपवा, हे मुलीच्या डॉक्टरांचे. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढे खूप घटली, हे मुलीने आजीला शांतपणे समजावून सांगितले. आईने उशी शिवलीच, पण ती मालिशीच्या वेळी मांडीवर घ्यायला ठेवली. बाळाच्या डोळ्यांसमोर टांगायच्या चिमणाळ्याला, म्हणजे चिमण्यांच्या खेळण्याला, मात्र कोणाची हरकत नव्हती. त्याचा दोरा बाळाच्या हाताला लागणार नाही एवढा वर बांधला.

नात श्रावणात झाली. बारशाच्या आदल्या दिवशी आईने स्वतः मला माळ्यावर पाठवले. बाहेर धो धो पाऊस होता आणि वैशाखात सहज बसणारे घोडीचे कुसू आता खाचेत शिरेना. सागही ओलावा ओढतो, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. दोन्ही अंगांनी अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, तासले तेव्हा ते बसले, पाचरी ठोकल्या आणि पाळणा प्रथमच जमिनीवर उभा राहिला. त्यात २५ किलोंचे तांदळाचे पोते घालून तो मी रात्रभर टांगलेला ठेवला. बाळ तीन किलोंचे होते, पण झोका देणारे हात चार काक्यांचे आणि दोन आत्यांचे असणार होते. पोते पाहून आई म्हणाली, की हे चांगले झाले, पाळणा रिकामा राहिला नाही.

तीन महिन्यांनी मुलगी सासरी निघाली तेव्हा पाळण्याचे भाग सुटे करून, प्रत्येक कुसवावर आणि त्याच्या खाचेवर पेन्सिलीने एकच अंक घालून, जुन्या चादरीत बांधून गाडीत ठेवले. जावई संगणकाचे काम करतात; त्यांनी अंक जुळवून तासाभरात पाळणा उभा केला आणि मला फोन करून विचारले, की सगळे बसले, पण एक ठोकळा उरला आहे, तो कुठे लागतो. मी त्यांना सांगितले, की तो कुठेच न लागण्यासाठी आहे. पाचव्या महिन्यात नात पालथी पडून हातांवर उठू लागली, तशी मी पाळणा सोडून ठेवायला सांगितले, कारण उठू लागलेल्या मुलाला पाळणा पुरा पडत नाही. आता ती आठ महिन्यांची आहे आणि तो ठोकळा दिवसभर तिच्या दोन्ही हातांत असतो. त्याच्या कडा मापासाठी मी धारदार ठेवल्या होत्या, हे परवा तिला तो चावताना पाहून आठवले. पॉलिश पेपर घेऊन उद्या पुण्याला निघालो आहे.

नमस्कार.