जॅकसन रिचर्डसन : चेंडू हिरावणारा माणूस

(दृश्य : हिंदी महासागराचा नकाशा)

मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियन नावाचं बेट आहे. ज्वालामुखीतून वर आलेलं. पॅरिस इथून नऊ हजार किलोमीटरहून जास्त दूर, पण कारभारानं हे बेट फ्रान्सचंच. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सें-पिएर गावात १४ जून १९६९ रोजी हँडबॉलपटू जॅकसन रिचर्डसनचा जन्म झाला.

विशीत तो पॅरिसला आला, तोवर फ्रान्सच्या पुरुष हँडबॉल संघानं ऑलिंपिक पाहिलंही नव्हतं. या खेळावर राज्य होतं ते सोव्हिएत, युगोस्लाव्ह, स्वीडिश आणि जर्मन संघांचं. फ्रान्सचे प्रशिक्षक दानिएल कोस्तांतिनी संघ नव्यानं बांधत होते, आणि त्यांना हा मुलगा मिळाला. लांब जटा, लवचीक शरीर आणि हँडबॉलच्या मानानं बेताचीच उंची.

(दृश्य : मैदानाची आखणी, वरून)

चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान. एका बाजूला सात खेळाडू, आणि चेंडू हातानं फेकून गोल करायचा. गोलसमोर सहा मीटरची रेषा, आणि तिच्या आत फक्त गोलरक्षक. बहुतेक संघ या रेषेलगत सहा जणांची भिंत उभी करतात आणि समोरचा फेकेल त्याची वाट पाहतात. रिचर्डसन या भिंतीच्या पुढे एकटा उभा राहायचा. तिथे त्याचं खरं राज्य होतं.

कबड्डीत मुरलेला कोपरारक्षक चढाईपटूच्या पायांवरून पुढची हालचाल ओळखतो, तसा हा पास देणाऱ्याच्या खांद्यावरून चेंडूची वाट ओळखायचा. एक पास मुद्दाम जाऊ द्यायचा, दुसराही जाऊ द्यायचा. समोरच्याला वाटायचं, ही वाट मोकळी आहे. तिसऱ्या वेळी लांब हात मध्ये यायचा आणि चेंडू घेऊन तो उलट दिशेला सुटलेला असायचा. त्याच्या धाकानं समोरचे संघ आपली नेहमीची पासांची साखळीच बदलायचे. घाईत, दूरवरून, नको त्या कोनातून फेकायचे. अशा चुकांची नोंद गुणफलकावर कुणाच्याही नावावर होत नाही. म्हणून त्याची थोरवी आकड्यांत शोधू नये असं मला मनापासून वाटतं. फ्रान्ससाठी ४१७ सामने आणि ७७५ गोल. सामन्याला सरासरी दोनही नाहीत. पण इतके सामने फ्रान्ससाठी दुसरं कुणीच खेळलेलं नाही.

१९९२ साली बार्सिलोनात फ्रान्स पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरला आणि थेट कांस्यपदक घेऊन परतला. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रशियानं त्यांना २८-१९ असं धुतलं. मग आलं १९९५, आइसलँड.

(दृश्य : रेक्याविक शहर)

२१ मे १९९५. रेक्याविकमध्ये क्रोएशियाविरुद्ध २३-१९. फ्रान्सला कोणत्याही सांघिक चेंडूखेळात मिळालेलं हे पहिलं विश्वविजेतेपद. फुटबॉलमध्ये झिदानच्या संघानं १९९८ साली चषक उंचावला, त्याच्या तीन वर्षं आधीचं. हे फ्रान्सबाहेर फारसं कुणाला ठाऊकच नसतं, याची खंत वाटते. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघानं रिचर्डसनला जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं.

क्लबांचा प्रवास मार्सेजवळच्या व्हित्रोलपासून जर्मनीतल्या ग्रोसवालश्टाटपर्यंत आणि तिथून स्पेनला, पांप्लोनाच्या सान आंतोनिओ क्लबकडे. २००१ हे वर्ष तर दुहेरी सोन्याचं. फेब्रुवारीत पॅरिसच्या बेर्सी सभागृहात, घरच्या प्रेक्षकांपुढे, जादा वेळेत स्वीडनला २८-२५ असं हरवून दुसरा विश्वचषक. आणि त्याच हंगामात सान आंतोनिओबरोबर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा.

दोन वर्षांनी तोच क्लब पुन्हा अंतिम फेरीत पोचला. समोर होतं फ्रान्सचं माँपेलिए. अंतिम फेरीत दोन सामने, आणि दोन्हींचे गोल मिळून विजेता ठरायचा. घरचा सामना सान आंतोनिओनं २७-१९ असा जिंकला. आठ गोलांची आघाडी, चषक जवळजवळ हातात. परतीच्या सामन्यात माँपेलिएनं त्यांना ३१-१९ असं उलथवलं आणि हा चषक पहिल्यांदा फ्रेंच क्लबकडे गेला. त्या संघात गोलरक्षक तिएरी ओमेयर होता, बचावात दिदिए दिनार होता आणि एकोणीस वर्षांचा निकोला काराबातिच होता. फ्रेंच हँडबॉलला रिचर्डसननं जिंकायची सवय लावली होती, आणि त्याच सवयीनं त्या दिवशी त्याला हरवलं.

२००४ साली अथेन्सच्या उद्घाटनात फ्रान्सचा ध्वज त्याच्या हाती होता. चार ऑलिंपिक खेळूनही सुवर्णपदक मात्र लाभलं नाही. २००५ साली ट्युनिशियातल्या विश्वचषकात कांस्य मिळवून त्यानं राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

(दृश्य : टोकियो, २०२१)

त्याचा मुलगा मेल्व्हिन हाही हँडबॉलपटू झाला. २०१८ साली माँपेलिएकडून त्यानं चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तो फ्रान्सच्या संघात होता. समोर डेन्मार्क, फ्रान्स एका गोलानं पुढे, घड्याळात काही सेकंद आणि चेंडू डेन्मार्ककडे. फ्रान्सच्या लुदोव्हिक फाब्रेगासनं तो चेंडू हिरावला, मोकळ्या गोलमध्ये टाकला आणि सामना २५-२३ असा संपला. रिचर्डसनच्या घरात ऑलिंपिकचं सोनं आलं.