कोळंबीच्या तळ्यातील मरतुक

श्रोतेहो, नमस्कार. पालघर-रायगडच्या खाजणांपासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत आज मुख्यतः व्हॅनामी जातीची कोळंबी वाढवली जाते. मूळच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या या जातीच्या व्यापारी संवर्धनाला आपल्याकडे 2009 मध्ये परवानगी मिळाली आणि चौरस मीटरला जास्तीत जास्त 60 पिले सोडावीत, अशी मर्यादा घालण्यात आली. या हिशेबाने एक हेक्टरच्या तळ्यात सहा लाख पिले सोडली आणि त्यांतली 80 टक्के हाती लागली, तर पीक चांगले आले असे आपण म्हणतो. उरलेली एक लाख वीस हजार कशाने मेली, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

विचारले तरी उत्तर सहज मिळत नाही, कारण मेलेली कोळंबी बहुधा तळाशी बसते आणि इतर कोळंबी तिला खाऊन टाकतात. शेतकऱ्याच्या हाती असते ती चेक ट्रे, म्हणजे खाद्य तपासण्यासाठी तळ्यात बुडवून ठेवलेली ताटली. खाद्य टाकल्यावर काही वेळाने ती वर काढायची, किती खाद्य उरले ते पाहायचे आणि दोन-चार कोळंबी तळहातावर घेऊन पाठीतून जाणारी आतड्याची काळसर रेघ भरलेली आहे की तुटक, हे उजेडात निरखायचे. रेघ तुटक दिसली, तर तळ्यात काहीतरी बिघडले आहे असे अनुभवी माणूस समजतो.

बिघाड बहुतेक वेळा पहाटे गाठतो. रात्रभर शेवाळासह सगळेच जीव प्राणवायू वापरत असल्यामुळे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो, आणि त्याच सुमारास वीज जाऊन एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे, थांबली, तर नुकतीच कात टाकलेली, मऊ अंगाची कोळंबी आधी मरते. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग, जो 1990 च्या दशकाच्या मध्यापासून आपल्याकडे ठाण मांडून आहे, तो तर तीन ते दहा दिवसांत जवळजवळ अख्खे तळे संपवू शकतो. दाटी आणि खराब पाणी यांमुळे कोळंबीची रोगाशी झुंजण्याची ताकद घटते. म्हणूनच मरतुकीचा आकडा मला केवळ तोट्याचा वाटत नाही, तो त्या जिवांनी सोसलेल्या हालाचाही आहे.

जगलेल्यांचेही हाल होतात. हॅचरीत, म्हणजे तळ्यात सोडायची पिले जिथे तयार होतात तिथे, मादीने लवकर अंडी धरावीत म्हणून तिच्या एका डोळ्याचा देठ चिरडतात किंवा कापतात, कारण अंडाशयाची वाढ रोखणारे संप्रेरक त्या देठात तयार होते. या कृतीपूर्वी बधिर करणारे औषध लावले असता मादीचा ताण कमी झाल्याचे व्हॅनामीवरच्याच प्रयोगात दिसले आहे. खेकड्यांच्या वेदनेविषयी पुरावे अधिक भक्कम आहेत आणि कोळंबीविषयी ते तुलनेने तुटपुंजे आहेत, हे खरे. तरीही ब्रिटनने 2022 च्या कायद्यात दोघांनाही संवेदनशील प्राणी मानले. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणसाखेरीज प्रत्येक सजीव ‘प्राणी’ या व्याख्येत बसतो. अन्नासाठी मारण्याला त्यात मुभा आहे, पण अनावश्यक यातना देऊन नव्हे.

किनाऱ्यावरच्या शेतकरी बंधू-भगिनींना माझी विनंती आहे की, पिले सोडताना मर्यादेच्या बरेच खाली राहावे, एअरेटरसाठी जनरेटर तयार ठेवावा आणि पहाटेच्या प्राणवायूची रोज नोंद करावी. बीज घेताना, माद्यांचे डोळे न कापता ते तयार केले आहे का, हे हॅचरीला विचारावे. निर्यातदारांनी काढणीच्या जागी विजेच्या झटक्याने कोळंबी क्षणात बेशुद्ध करणारी यंत्रे आणावीत आणि त्यांचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये.