रीबूट झालं, पण इन्स्टॉल अजून चालू आहे: युजरला थांबवायचं कुठे?

नमस्कार. आजचा व्हिडिओ आहे ऑफिसातली मशिन्स सांभाळणाऱ्या आयटी सपोर्टवाल्यांसाठी.

सॉफ्टवेअरचा अर्धा भाग बसला, मशिन रीबूट झालं, उरलेला अर्धा आता बसायचाय. पण डेस्कटॉप समोर आला की माणूस कामाला लागणारच. तो एक्सेल उघडतो. इन्स्टॉलरला नेमकी त्याच वेळी वापरात असलेली फाइल बदलायची असते, आणि गाडं तिथेच अडतं. मग आपल्याला वाटतं, काम पुरं होईपर्यंत मशिनला कुणी हातच लावू नये.

शोधायला गेलं की पहिल्यांदा हाती लागतं ब्लॉकइनपुट. विंडोजचं हे फंक्शन कीबोर्ड आणि माउस दोन्ही बंद करतं. माझं स्पष्ट म्हणणं आहे, या कामाला ते वापरू नका. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं की ही बंदी उठते. तुमचा प्रोग्राम मध्येच पडला तरी उठते. पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. समोर बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही! माउस हलत नाही, टाइप होत नाही, स्क्रीनवर एक अक्षर नाही. मशिन हँग झालंय असं समजून तो पॉवरचं बटण दाबून धरतो, आणि जे वाचवायचं होतं तेच मोडतं. यात त्याची काय चूक?

[स्क्रीनवर: बूट, लॉगिन, डेस्कटॉप असा क्रम]

हा क्रम बघा. डेस्कटॉपवर पोचलेल्या माणसाला अडवणं अवघड आहे. लॉगिनच्या अलीकडे अडवायला काहीच लागत नाही, कारण तिथे उघडायला एक्सेलच नसतं. विंडोज स्वतः हेच करतं. वापरातली फाइल बदलायची असेल तर इन्स्टॉलर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, पेंडिंगफाइलरिनेमऑपरेशन्स या नावाखाली नोंद करून ठेवतो. पुढच्या बूटला विंडोजचा सेशन मॅनेजर नावाचा भाग ती नोंद वाचतो आणि लॉगिन स्क्रीन यायच्या बऱ्याच आधी फाइलींची अदलाबदल उरकतो.

लिनक्समध्ये सिस्टमडीची, म्हणजे बूट होताना बाकीचं सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, ऑफलाइन अपडेटची सोय आहे, आणि ती मला फार आवडते. बूट होताना रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, सिस्टम-अपडेट नावाची लिंक दिसली, तर मशिन नेहमीच्या वाटेने जातच नाही. ते वेगळ्या टार्गेटमध्ये, म्हणजे फक्त अपडेटसाठीच्या अवस्थेत, शिरतं, अपडेट करतं आणि पुन्हा रीबूट होतं. तिथे लॉगिनच नाही. आणि अपडेट करणाऱ्या स्क्रिप्टने सगळ्यात आधी काय करायचं? ती लिंक काढून टाकायची. अपडेट फसलं तरी पुढचं बूट नेहमीसारखं होतं, मशिन त्याच चक्रात फिरत राहत नाही.

विंडोजच्या रनवन्समध्येही हाच विचार दिसतो. लॉगिननंतर एकदाच चालवायची कमांड रजिस्ट्रीत तिथे नोंदवतात. लॉगिन झाल्यावर ती नोंद आधी पुसली जाते, मग कमांड चालते. नोंदीच्या नावाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह दिलं तर मात्र कमांड पुरी झाल्यावरच पुसली जाते. मध्येच वीज गेली तर ते बरं वाटतं. पण ती कमांड स्वतःच मशिन पाडत असेल, तर प्रत्येक लॉगिनला पाडत राहील. माझं मत विचाराल तर आधी पुसलेली बरी. अर्धवट सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं. सुरूच न होणाऱ्या मशिनसमोर बसलेल्या माणसाचा मात्र अख्खा दिवस जातो.

नवीन लॅपटॉप ऑटोपायलटने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आपोआप सेटअप करणाऱ्या सोयीने, देत असाल, तर एनरोलमेंट स्टेटस पेज वापरा. सेटअप होईपर्यंत माणसाला थांबवून ठेवणारा हा स्क्रीन आहे. डिव्हाइसची पूर्वतयारी, डिव्हाइस सेटअप आणि अकाउंट सेटअप, असे तीन टप्पे माणसाला समोर दिसतात. वेळमर्यादा मुळात ६० मिनिटांची असते, ती बदलता येते. कोणती ॲप्स बसेपर्यंत अडवायचं तेही निवडता येतं, आणि इथेच बहुतेक ठिकाणी अति होतं. सगळीच ॲप्स त्या यादीत घालू नका. अँटिव्हायरस घाला, व्हीपीएन घाला. पीडीएफ वाचायच्या ॲपसाठी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ताटकळत ठेवायचं कशाला? ते मागून बसेल.

त्याच पेजवर इन्स्टॉल फसल्यास दाखवायचा संदेश तुम्हाला लिहिता येतो. तो मराठीत लिहा, हेल्पडेस्कचा नंबर द्या, आणि मशिन रीसेट करायची किंवा तरीही वापरायची मुभा द्यायची का, ते आधीच ठरवा.

सगळ्यांना पाठवायच्या आधी एका मशिनवर इन्स्टॉल चालू असताना मुद्दाम नेटवर्क तोडा आणि घड्याळ लावून बसा. ठरलेल्या वेळेत स्क्रीनने काय झालं ते सांगून पुढची वाट दाखवली, तरच बाकीच्यांना पाठवा.