थकलेलं कर्ज आणि तुटपुंजी पेन्शन

मंडळी, पत्रिकेवर ‘कर्जमुक्तीचा मार्ग’ असं भारदस्त नाव छापलंय. माझा विषय त्याहून लहान आहे. जुनं क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन थकलंय, आज हातात फक्त पेन्शन आहे आणि वसुली एजन्सीचे फोन येतायत, अशा वेळी त्या माणसाशी बोलायचं कसं, एवढंच सांगणार आहे. मी बँकेच्या वसुली खात्यात नोकरी केली, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. तिथून एक गोष्ट स्वच्छ दिसायची. कर्जदार आपली परिस्थिती सांगताना ओशाळलेला असायचा आणि समोरचा नेमका त्याचाच फायदा घ्यायचा. प्रत्यक्षात उत्पन्न कमी असणं ही वाटाघाटीतली तुमची सगळ्यात भक्कम बाजू असते.

एजन्सीला साधारणपणे वसूल झालेल्या रकमेवर कमिशन मिळतं. त्यामुळे तिचा हिशोब एकच असतो: या माणसावर दावा लावून हाती काय लागेल? सरकारी पेन्शन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे जप्त होत नाही. प्रॉव्हिडंट फंडालाही कायद्याचं संरक्षण आहे. अजून नोकरीत असलेल्याच्या पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. पोटगीचा हुकूम असेल तर गोष्ट वेगळी. राहिला तुरुंग. 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की ज्याची ऐपतच नाही, त्याला केवळ देणं फिटलं नाही म्हणून कोठडीत टाकता येणार नाही. ऐपत असून टोपी घालणाऱ्याला हा आधार नाही. तेव्हा “काका, उद्या वॉरंट घेऊन पोलीस येतील” असं कुणी म्हणालं, तर घाबरून जाऊ नका. कुठल्या कोर्टाचं वॉरंट आणि खटल्याचा नंबर काय, एवढं शांतपणे विचारा. बहुतेक वेळा फोन तिथेच संपतो.

यात एक मेख आहे. ज्या बँकेचं कर्ज थकलंय त्याच बँकेत पेन्शन जमा होत असेल, तर करारातल्या एखाद्या अटीवर बोट ठेवून बँक खात्यातले पैसे वळते करू पाहते. मग संरक्षण असूनही ते मिळवायला आपल्यालाच खेटे घालावे लागतात. पेन्शनचं खातं आधीच दुसऱ्या बँकेत हलवलेलं बरं.

आता कर्जाचं वय. पैशाच्या वसुलीच्या दाव्याला 1963 च्या मुदत कायद्यानुसार साधारण तीन वर्षांची मुदत असते. गहाणाची गोष्ट निराळी, तिथे बारा वर्षं. या तीन वर्षांच्या आत तुम्ही लेखी कबुली दिलीत किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. “काका, फक्त पाचशे भरा, फाइल चालू राहील” या गोड बोलण्याचा अर्थ तो आहे. मुदत उलटून गेल्यावर नुसत्या पाचशे रुपयांनी ती परत जिवंत होत नाही. पण “मी हे देणं फेडीन” असं लिहून सही केलीत, तर करार कायद्याच्या कलम 25 खाली तो नवा करारच ठरू शकतो. म्हणून पहिल्या फोनवर रक्कम मान्य करायची नाही, ई-मेलवर कबुली द्यायची नाही आणि घरी आलेल्या माणसाच्या कागदावर सही तर मुळीच करायची नाही. कोर्टाचं समन्स मात्र फोनसारखं टाळू नका. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तो पुढे बारा वर्षं बजावता येतो.

‘राइट-ऑफ’ झालं म्हणजे कर्ज माफ झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तो बँकेच्या वहीतला हिशोब आहे, येणं तसंच राहतं आणि कधी ते दुसऱ्या कंपनीला विकलंही जातं. म्हणून आपण पहिला प्रश्न विचारायचा तो हा की आज हे कर्ज कुणाचं आहे आणि तुम्हाला बोलायचा अधिकार कुणी दिला. बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र एजंटाजवळ असायलाच हवं. वेळही ठरलेली आहे. ऑगस्ट 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं की वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, आणि नातेवाईक-मित्रांसमोर कर्जदाराची अब्रू काढायची नाही. शेजाऱ्यांना फोन गेला असेल तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फी न भरता जाता येतं.

मग आकड्याची गोष्ट. मुद्दल किती आणि व्याज-दंड किती, ही फोड आधी लेखी मागा. हिंदू कायद्यातल्या दामदुपटीच्या नियमाने पूर्वी मुंबई इलाख्यात थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे. बँकेच्या व्याजदराची फेरतपासणी कोर्टाने करायची नाही असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम 21-अ सांगतं, त्यामुळे तो नियम आज आपल्या कामी येत नाही. पण साठ हजारांचे दीड-पावणेदोन लाख झाले कसे, ते डोळ्यांसमोर आलं की बोलणी मुद्दलाभोवती सुरू करता येतात. समजा, पेन्शन 18,000 आहे आणि औषधांसकट घरखर्च 15,500. हातात राहतात अडीच हजार, तेही कुणी आजारी पडलं नाही तर. एजंट महिन्याला पाच हजार मागतो. तुम्ही ‘हो’ म्हणालात, तर तिसऱ्या हप्त्यालाच तडजोड मोडेल, आणि भरलेले पैसे बहुधा व्याजात जिरतील. त्यापेक्षा औषधांच्या बिलांसह खर्चाचा कागद पुढे करा आणि जमेल तेवढी एकरकमी रक्कम सांगा. पहिला आकडा लहानच ठेवा. नकार येईल, येऊ द्या. तिमाही संपत आली की तोच फोन मऊ आवाजात परत येतो. ही रक्कम उभी करायला शेवटची एफडी मोडायची किंवा नवं कर्ज काढायचं, याला माझा साफ विरोध आहे.

ठरलं, तरी पत्र हातात पडेपर्यंत रुपया द्यायचा नाही. बँकेच्या लेटरहेडवरच्या त्या पत्रात कर्जखात्याचा नंबर हवा, तडजोडीची रक्कम आणि तारीख हवी. ही रक्कम ‘संपूर्ण व अंतिम’ आहे, बाकी काही येणं नाही, असं वाक्य हवं. जामीनदार असेल तर तोही मोकळा झाल्याचं लिहून घ्या. पैसे थेट कर्जखात्यात भरा, एजंटाच्या यूपीआयवर नाही. पुढच्या तारखांचे चेक तर देऊच नका. साधं देणं दिवाणी असतं, पण चेक वटला नाही की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं, म्हणजे चेक-हुंडीच्या कायद्याचं, कलम 138 लागतं आणि प्रकरण फौजदारी होतं. पैसे भरल्यावर नो-ड्यूज पत्र घ्या. क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा येईल आणि स्कोअर पडेल. सत्तरीत नवं कर्ज घ्यायचं नसेल, तर त्याची चिंता एजंटाला करू द्या.

एक चिठ्ठी आली आहे: “माझ्या पश्चात हे देणं मुलाने फेडायचं का?” मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर तुमच्याकडून त्याला वारशाने जे मिळेल तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. त्याच्या पगाराला हात लागत नाही. फक्त एजंटाने ‘वडिलांसाठी’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर त्याने सही करू नये, हे आजच घरी सांगून ठेवा.