मागचं बाळंतपण डॉक्टरांना सांगा

मागं सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं आणि आता पुन्हा दिवस गेलेत. अशा बाईला घरात काय सांगतात? ‘मागचं काढू नकोस, चांगला विचार कर.’ मायेनंच सांगतात. पण मागचं काढायलाच हवं, आणि लवकर काढायला हवं. आज सभागृहात सुनांबरोबर सासवाही दिसतायत, म्हणून हे मोकळेपणानं बोलते.

आपल्याकडं तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला कळवत नाहीत. शेजारणीला नका सांगू, भावकीला नका सांगू. डॉक्टरांकडं मात्र पाळी चुकली की जा आणि मागची सगळी फाईल न्या. सोनोग्राफीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बीपीचे आकडे, बाळाचं वजन, सगळं. घाई का, ते ऐका. मागच्या खेपेला बीपी १४०/९० च्या वर जाऊन बाळ गेलं असेल, तर बहुतेकदा कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती १२ व्या आठवड्यानंतर, शक्यतो १६ व्याच्या आत सुरू व्हावी लागते. कळा न येताच गर्भपिशवीचं तोंड उघडलं असेल, तर टाका घालायचा का, हे साधारण १२ ते १४ आठवड्यांच्या सुमाराला ठरतं. वारंवार पोट पडत असेल तर रक्तात ठराविक प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, आहेत का ते बघतात. सापडली तर ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिनची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्या बाईसाठी यातलं बरंच करायची वेळ निघून गेलेली असते.

तिला दोष देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत पोटं पडतात, त्यांतली जवळपास निम्मी गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषानं पडतात. ग्रहणात सुरी धरली म्हणून नाही, एसटीनं माहेरी गेली म्हणून नाही, जोतिबाच्या पायऱ्या चढली म्हणूनही नाही. हे सासूबाईंनी तिच्या तोंडावर म्हणावं. मी कितीदा सांगितलं तरी त्या एका वाक्याची सर येत नाही.

मागच्या वेळी ज्या आठवड्यात बाळ गेलं, तो आठवडा जवळ आला की तिची झोप उडते. सोनोग्राफीच्या वेळी ती पडद्याकडं बघत नाही, माझ्या तोंडाकडं बघते. म्हणून मी आधी ठोके दाखवते, मापं नंतर घेते. त्या दिवशी नवऱ्यानं रजा टाकावी. डोहाळजेवण नको म्हणाली, तर नको. रडू थांबत नसेल, जेवण जात नसेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आशाताईंना विचारा, जोखमीची म्हणून नोंद करून घ्या. बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टची आणि गाव पंचगंगेच्या काठचं असेल, तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. रस्ते बंद व्हायच्या आधीच शहरात पाहुण्यांकडं येऊन राहा. गगनबावडा, शाहूवाडीकडच्यांनी तर नक्कीच.

आणि सातवा महिना लागल्यावर बाळाची हालचाल कमी वाटली, तर गोड खाऊन बघू, सकाळी जाऊ, असं करू नका. रात्रीचे दोन वाजलेले असोत, १०८ ला फोन लावा आणि निघा. तपासून सगळं ठीक निघालं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वाटलं, तर पुन्हा या.