पाण्याऐवजी नारळाचा रस

कोल्ड प्रोसेस साबणात, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा आचेवर न शिजवता केलेल्या साबणात, पाण्याचं काम एकच, कॉस्टिक सोडा विरघळवून तेलापर्यंत पोचवायचं. ते काम दूध, ताक, बीअर कशानेही होतं. फक्त त्यात साखर, आम्ल, प्रथिनं असतात आणि सोडा त्यांच्याही मागे लागतो.

हे भांडं बघा. नारळाच्या घरच्या रसात सोडा थेट टाकला आहे. पांढरा रस बघता बघता पिवळा, मग केशरी झाला आणि वर गुठळ्या आल्या. सोडा विरघळताना तापतो, त्या आचेने रसातली साखर करपली. गुठळ्या म्हणजे रसातल्या तेलाचा तिथल्या तिथे झालेला साबण.

रस गोठवून त्या खड्यांवर चमचा-चमचा सोडा घालत बसता येतं. त्यापेक्षा पाणी आणि रस निम्मे-निम्मे घ्या.

खोबरेल 150 ग्रॅम, ऑलिव्ह तेल 300, एरंडेल 50. सोडा 71, डिस्टिल्ड पाणी 75, दाट रस 75. सगळं काट्यावर, वाटीने नाही. पाणी याहून कमी करू नका. सोड्याच्या वजनाइतकं तरी पाणी लागतंच, नाहीतर न विरघळलेला खडा वडीत राहतो आणि कातडी भाजते. या हिशेबात साडेचार टक्के तेल सोड्याविना उरतं. ते मुद्दाम कमी ठेवलंय, कारण रसातल्या तेलाची भर पडणारच आहे.

गॉगल आणि हातमोजे चढवा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमला सोडा खातो आणि हायड्रोजन सुटतो. द्रावण 30 अंशांपर्यंत निवू द्या. रस मलमलीतून दोनदा गाळून तेलात ब्लेंडरने फिरवा, मग द्रावण ओता. ब्लेंडरवरून पडलेल्या थेंबांची रेघ वर क्षणभर टिकली की साचा भरा.

साध्या साबणासारखा टॉवेलात गुंडाळू नका. साखरेने आतून तापून मधोमध काळपट गोल उमटतो, कधी वरून तडाही जातो. साचा थेट फ्रिजमध्ये, 24 तास. दोन दिवसांनी वड्या कापा आणि 4 ते 6 आठवडे हवेशीर जागी वाळवा.

बीअर घ्यायची तर आधी उकळून गॅस आणि अल्कोहोल घालवा, गार करा. नाहीतर सोडा पडताच फेस भांड्याबाहेर येतो. 5 टक्क्यांचं 100 ग्रॅम व्हिनेगर सव्वातीन ग्रॅमांच्या वर सोडा खाऊन टाकतं, तेवढा जास्त मोजा. जास्वंदीच्या काढ्याचा लाल रंग मात्र विसरा, सोड्यात तो टिकत नाही. गंमत म्हणजे सोड्यात लाल होते ती हळद.